कोंबड्यांना देवी आल्या तेव्हा

नवरात्रातल्या तिसऱ्या माळेच्या सकाळी मी खुराड्याचं दार वर केलं, तर सातच जनावरं बाहेर आली. कोंबडा धरून आमच्याकडे आठ होती. मी वाकून आत पाहिलं. काळी कोंबडी कोपऱ्यात पिसं फुलवून बसली होती. अंडी उबवायला खुडूक झाली असेल असं मला आधी वाटलं, पण खुडूक कोंबडी जवळ गेलं की फुत्कारते, चोच मारते. हिने मान वर केली नाही. हात घालून मी तिला उजेडात आणली. तिच्या तुऱ्यावर वाटाण्याएवढा एक करडा फोड होता, डाव्या पापणीवर दुसरा. कोणीतरी टोचलं असेल म्हणून मी तिला खाली सोडली आणि कामाला लागले.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. ठाण्यात, टेंभी नाक्यापासून हाकेच्या अंतरावर आमचं कौलारू घर होतं. मागे परस, परसात विहीर, एक शेवगा आणि कुंपणाला टेकून खुराडं. घरात माणसं तीन: माझ्या विधवा सासूबाई, मी, आणि आठ महिन्यांची माझी मुलगी. आमचे हे कल्याणच्या मामलेदार कचेरीत कारकून होते. तिथे एक खोली घेऊन राहायचे. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने यायचे आणि सोमवारी सकाळी परत जायचे.

कोंबड्या माझ्यामुळे आल्या होत्या. बाळंतपणानंतर मला उठून उभं राहायची ताकद नव्हती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रोज दोन अंडी खायला सांगितलं. आमच्यात मासे, अंडी चालत. पण दारात कोंबड्या पाळणं म्हणजे आळीने नाक मुरडावं अशी गोष्ट. सासूबाई स्वतः त्यातल्या कशालाच शिवत नसत, तरी त्यांनीच शेवटी सांगितलं, "परसात ठेवा, घरात फिरकू देऊ नका, म्हणजे झालं." मग कळव्याहून बाजाराला येणाऱ्या एका आगरी बाईकडून यांनी तलंगा, म्हणजे अंड्यांवर येऊ घातलेल्या कोवळ्या कोंबड्या, घेतल्या आणि एक कोंबडा. अंडी खाऊन मी उभी राहिले, आणि मग त्या कोंबड्यांचा मला लळा लागला. गाईचा लळा लागला तर कोणी हसत नाही, कोंबडीचा लागला तर हसतात, म्हणून मी ते बोलत नसे.

पाचव्या माळेपर्यंत तीन कोंबड्यांच्या तुऱ्यांवर फोड आले. आधीचे फोड काळवंडून त्यांवर खपल्या धरल्या होत्या. काळीचा डावा डोळा पूर्ण मिटला होता. मी तिच्यापाशी बसले असताना सासूबाई फुलं काढायला परसात आल्या. त्यांनी एक नजर टाकली आणि हातातली परडी खाली ठेवली.

"सोड तिला," त्या म्हणाल्या.

"सासूबाई, हिला काहीतरी..."

"काहीतरी नाही. आई आली आहे. सोड म्हणते ना!"

मी सोडली. त्यांनी पदर सावरून खुराड्यासमोर हात जोडले. मग निंबाची डहाळी मागवून दाराला बांधली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरी फोडणी बंद झाली. तळण नाही, केस विंचरणं नाही, बाहेरच्या माणसाला आत घेणं नाही. माणसाला देवी आल्या की जे पाळतात ते सगळं त्यांनी कोंबड्यांसाठी पाळायला घेतलं. घरात घट बसलेला, दिवा तेवत असलेला, आणि त्यातच ही देवी परसात उतरलेली. त्यांच्या मनात शंकेला जागाच नव्हती.

"औषध करायचं नाही," त्यांनी मला बजावलं. "हात लावायचा नाही. विकायच्या नाहीत, कापायच्या नाहीत. ती आपणहून येते, आपणहून जाते. मध्ये पडलं की कोपते."

हे ऐकून माझं चित्त ठिकाणावर राहीना. कारण कोंबड्यांचं काय होईल ह्यापेक्षा मला दुसरीच भीती होती. माझी मुलगी नुकतीच रांगायला लागली होती. उंबरठ्यावरून परसात जायला ती सारखी धडपडे. मातीत बोटं घालून ती तोंडात घाले. त्याच मातीत कोंबड्या फिरत, शिटत, तुरे घासत. आणि मुलीच्या अजून देवी काढल्या नव्हत्या, दंडावर लस टोचून घेतली नव्हती. हे दर महिन्याला म्हणत, पुढच्या महिन्यात बघू.

मी दिवसातून वीस वेळा तिचं अंग उघडून पाहू लागले. काखा, मान, कानांमागे. एकदा तिच्या कपाळावर लाल टिपका दिसला आणि माझ्या हातातली घागर विहिरीच्या काठावर आपटून चेपली. तो डास चावल्याचा निघाला, दुपारपर्यंत विरला. पण दुपारपर्यंत मी एका जागी बसले नाही. चुलीपाशी गेले की परस आठवे, परसात गेले की पाळणा. दूध दोनदा उतू गेलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. तेही त्या पाळत होत्या, देवी असताना घरात मोठ्याने बोलायचं नाही.

शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "एवढं काय त्यात? माना मुरगळा आणि खाडीत टाका. माझ्या माहेरी असंच करतात."

मी आत बघून हळूच म्हटलं, "इथे ते चालायचं नाही."

"मग पोरीला घेऊन माहेरी जा."

माझं माहेर पनवेलच्या पलीकडे. तिकडे जायला माणूस सोबत हवा, आणि हे यायला अजून दोन दिवस होते.

शनिवारी हे आले. त्यांनी पाय धुवायच्या आत मी त्यांना परसात नेलं. तोपर्यंत पाच कोंबड्यांना फोड आले होते. एक तांबडी कोंबडी तर वेगळ्याच तऱ्हेने आजारी होती. तिच्या तुऱ्यावर फारसं काही नव्हतं, पण ती चोच उघडी ठेवून श्वास घेत होती आणि प्रत्येक श्वासाला बारीक शिट्टी वाजत होती.

हे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "गाईलाही देवी येतात. गाईच्या देवींची लस काढून माणसाला टोचतात, मग माणसाला खऱ्या देवी येत नाहीत."

"मग कोंबडीच्या देवींनी काय होतं?"

"ते मला ठाऊक नाही."

"माणसाला लागतात का त्या?"

"अगं, ठाऊक नाही म्हटलं ना."

त्यांच्या कचेरीत हुकूम आला होता. पंधरा दिवसांच्या आत देवी काढणारा आमच्या आळीत येणार होता. मी म्हटलं, आता मुलीच्या काढून टाकूया. जेवताना त्यांनी विषय काढला. सासूबाई पानावर बसत नसत, भिंतीला टेकून बसत. त्या तिथूनच म्हणाल्या, "घरात आई बसलेली असताना त्या पोरीच्या दंडाला सुरी लावणार? वेड लागलंय का तुला?"

"आई, त्या कोंबड्या आहेत," हे म्हणाले.

"तिला कोंबडी आणि माणूस वेगळं दिसतं असं तुला कोणी सांगितलं?"

ह्यांनी मान खाली घालून बिनफोडणीचं वरण भातावर कालवलं. "बघू," म्हणाले.

त्या "बघू"चा मला इतका राग आला की मी रविवारभर त्यांच्याशी हो आणि नाही एवढंच बोलले. सोमवारी निघताना त्यांनी मुलीच्या गालाला हात लावला आणि मला हळूच म्हणाले, "तुला योग्य वाटेल ते कर." त्या वेळी मला ते जबाबदारी झटकणं वाटलं. आता वाटतं, आईसमोर बोलता येत नव्हतं ते त्यांनी एवढ्यात बोलून घेतलं.

त्या सोमवारी मी कण्या टाकल्या आणि काळीला पाहत राहिले. तिचे दोन्ही डोळे आता खपल्यांनी मिटले होते. बाकीच्या कोंबड्या टकटक दाणे टिपत होत्या. काळीने आवाज ऐकला, पुढे आली, आणि जमिनीवर चोच मारली. दाणा दोन बोटं बाजूला होता. परत मारली, माती. चार-पाच वेळा तिने माती टोचली आणि मग नुसती उभी राहिली. तिच्या पायांभोवती कण्या पसरलेल्या होत्या. मी आत डोकावले. सासूबाई पोथी वाचत होत्या. मी काळीच्या गळ्याखाली बोटं लावली. दाणे साठतात ती पिशवी रिकामी, मऊ, चुरगळल्यासारखी लागली.

तिला आजार मारत नव्हता, भूक मारत होती. एवढं मला त्या क्षणी कळलं, पण पुढे काय करायचं ते कळेना. ज्या बाईने कोंबड्या दिल्या तिला विचारावं तर ती दोन बाजार आली नव्हती.

मंगळवारी सकाळी मी मुलीला पोटभर पाजून सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि तळ्याकाठच्या देवळात जाऊन येते म्हणून सांगितलं. देवळात गेलेही. खोटं नको म्हणून बाहेरूनच हात जोडले आणि सरळ कळव्याच्या पुलाचा रस्ता धरला. त्या पुलावरून मी एकटी कधी गेले नव्हते. बैलगाड्या जात होत्या, मिठाच्या गोणी घेऊन माणसं येत होती, आणि प्रत्येकजण मला ओळखतो असं वाटत होतं. खाडीला ओहोटी होती. चिखलाचा वास येत होता. मी इतक्या भराभर चालले की पलीकडे पोचेपर्यंत पायांत पेटके आले.

बाईचं घर शोधायला वेळ लागला नाही. अंडीवाली म्हटल्यावर लगेच कोणीतरी दाखवलं. ती दारात फतकल मारून बसली होती, मांडीत एक कोंबडी, समोर भाताची थाळी. त्या कोंबडीच्याही तुऱ्यावर तेच फोड. बाई बोटाच्या टोकाएवढी भाताची गोळी करून तिच्या चोचीत सारत होती.

मला पाहून ती दचकली. "सूनबाय, तू? एकली आयलीस?"

मी धापा टाकत सगळं सांगितलं. सासूबाईंचं, मुलीचं, काळीचं. ती गोळ्या भरवत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "म्हनून तं मी बाजाराला येत नाय. यांना सोरून कशी येऊ? दर साली पाऊस सरता सरता येतंय हे. कधी दोघींना, कधी समद्यांना."

"मावशी, माणसांना लागतं का ते?"

"नाय."

ती इतक्या सहज म्हणाली की मला आधार वाटला, आणि लगेच नाहीसा झाला. कारण तेव्हाच तिने तोंड उजेडाकडे केलं आणि तिच्या गालांवरचे देवीचे वण मला दिसले. बाजारात टोपलीवर वाकलेली असताना मी ते कधी नीट पाहिले नव्हते. कपाळापासून हनुवटीपर्यंत खड्डेच खड्डे.

तिला माझी नजर कळली. ती रागावली नाही. "ह्या होय? ह्या मी चार वर्सांची व्हते तवाच्या. तवा आमचे घरी कोंबरी नव्हती. आजाची एक म्हैस व्हती तवरीच. मी लग्न होऊन हितं आयले तवा कोंबऱ्यांना पयला हात लावला." मग तिने आत हाक मारली. दोन मुली बाहेर आल्या, एक दहा-बारा वर्षांची, एक त्याहून लहान. "ह्यांचं तोंड बघ. जल्मल्यापासून कोंबऱ्यांत लोळल्यात ह्या. आयलं काय कुठं?"

दोघींची तोंडं स्वच्छ होती. धाकटीच्या नाकाखाली शेंबूड होता, बाकी काही नाही.

मी खाली बसले. किती दिवसांनी मी अशी बसले होते कोणास ठाऊक.

मग तिने मला शिकवलं. शिकवते आहे असं न दाखवता, मांडीतल्या कोंबडीकडे बघत बोलत होती. कोंबडी आजार लपवते, कारण बाकीच्यांना कळलं की त्या टोचून हैराण करतात. म्हणून सकाळी खुराडं उघडल्यावर शेवटी कोण बाहेर येतं ते बघायचं. सांजेला खुराड्यात घालताना गळ्याखालची पिशवी चाचपायची. रिकामी लागली तर ती कोंबडी दिवसभर जेवलेली नाही. शीट हिरवी पातळ आहे का बघायचं. जिच्यात काही वेगळं दिसलं ती लगेच डालग्याखाली, पालथ्या टोपलीखाली, निराळी ठेवायची, तिचं पाणीही निराळं.

"आनि हे फोड?"

"फोड उपटायचं नाय. रगत येतं, मग ते पसरतं. कडूलिंबाचा पाला उकलायचा, पानी कोमट झालं का फडक्यानं डोला पुसायचा. रोज. हलद नि खोबरेल लावायचं. खपली आपली आपन गलून परते, वीस-पंचवीस दिसांनी. तवर तिला दिसत नाय, म्हनून आपल्या हातानं भरवायचं. येवरंच."

"माझी एक शिट्टी वाजवल्यासारखा श्वास घेते."

तिचा हात थांबला. "चोच उघरून बघ. आत दुधावरच्या सायीसारखं पिवलं दिसलं तं ती नाय जगायची. ती साय खरवरू नको. तिला निराली ठेव, पानी दे, बस."

उठताना तिने मला करंजाच्या तेलाची एक कुपी दिली, खुराड्याच्या फळ्यांना चोपडायला. आणि म्हणाली, "सासूशी भांडू नको. तिनं बी कायतरी बघलेलं आसंल."

घरी पोचले तेव्हा मुलगी झोपली होती. सासूबाईंनी विचारलं, "देवळात गर्दी होती?" मी म्हटलं, "हो." हे मात्र खोटं होतं.

सासूबाई दुपारी जेवणानंतर घटकाभर आडव्या व्हायच्या. ती घटका मी घेतली. पहिल्या दिवशी तांबडीची चोच उघडली. आत पिवळी साय होती. तिला शेवग्याखाली डालग्यात ठेवली. ती दुसऱ्या दिवशी गेली, आणि तिच्यासारखीच शिट्टी लागलेली एक पांढरी तिच्या मागोमाग. मी दोघींना कुंपणाच्या टोकाला खड्डा खणून पुरलं. सासूबाईंना कळलं. त्यांनी हात जोडले आणि एवढंच म्हणाल्या, "तिची इच्छा."

बाकीच्यांचे डोळे मी पुसत होते. पहिल्यांदा काळीचा डोळा पुसला तेव्हा खपलीच्या कडेने चिकट पू सुटला आणि फटीतून तिचा पिवळा डोळा माझ्याकडे लुकलुकला. भाताच्या पहिल्या गोळ्या तिने थुंकल्या. मग एक गिळली. मग मागू लागली. तरी मला चैन पडत नव्हती. घरात पापड मोडल्यासारखा आवाज झाला तरी मी कोंबडी खाली टाकून उभी राहत असे. हात राखेने तीन-तीनदा धुऊन मगच मुलीला घेत असे, आणि घेतल्यावर परत तिचं अंग बघत असे. कळव्याच्या बाईने नाही म्हटलं होतं, तिच्या मुलींची तोंडं मी पाहिली होती. पण मनाला एकदा सवय लागली की ते थांबत नाही.

चौथ्या दुपारी सासूबाईंना झोप लागली नसावी. मी काळीला मांडीत घेऊन भरवत होते आणि मागून सावली पडली.

मी उठले नाही. उठून उपयोग नव्हता. मांडीवर कोंबडी, बाजूला भाताची वाटी, निंबाचं पाणी, हळदीने पिवळी बोटं. सगळं उघडं पडलं होतं.

"किती दिवस चाललंय हे?" त्यांनी विचारलं.

"चार."

"मी नको म्हटलं होतं."

"हो."

"मग?"

मी म्हटलं, "तिला दिसत नव्हतं, सासूबाई. दाणे पायाशी होते आणि ती मातीत चोच मारत होती. मला ते बघवेना. देवीला राग आला तर माझ्यावर येऊ दे."

मला वाटलं आता वाटी लाथेने उडवतील. पण त्या विहिरीच्या कट्ट्यावर बसल्या आणि काळीकडे बघत राहिल्या. काळीने चोच उघडली, मी गोळी दिली, तिने गिळली.

"धाकटा सहा वर्षांचा होता," त्या म्हणाल्या.

ह्यांना एक धाकटा भाऊ होता आणि तो लहानपणीच गेला, एवढंच मला माहीत होतं. कशाने, कधी, हे ह्या घरात कोणी बोलत नसे.

"त्याचेही डोळे असेच मिटले होते. तोंडात, घशात, सगळीकडे. पाणी मागायचा. माझ्या सासूबाईंनी मला त्याच्या खोलीत जाऊ दिलं नाही. म्हणायच्या, तू शिवलीस तर आई कोपेल. मी दाराबाहेर बसायची. त्याच्या उशाशी पेला ठेवलेला असायचा. त्याला तो दिसायचा नाही. हात चाचपडताना ऐकू यायचं मला. मी आत गेले नाही. मी ऐकलं त्यांचं."

त्यांना सांत्वन नको होतं. त्यांनी हात पुढे केला. "दे इकडे. तू गोळी मोठी करतेस. घशात अडकेल."

ज्या बाईने आयुष्यात कोंबडीला स्पर्श केला नव्हता, तिने काळीला मांडीवर घेतलं, आणि लहान मुलाला भरवावं तशी एकेक गोळी चोचीच्या कडेने आत सारली. मग उठून अंगावरून पाणी घेतलं आणि जप करायला बसल्या. फोडणी मात्र बंदच राहिली. निंबाची डहाळीही दाराला तशीच राहिली. रोज दुपारी आम्ही दोघी परसात बसू लागलो.

मला वाटलं होतं की आता देवी काढण्यालाही त्या हो म्हणतील. विचारलं तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. "भरवणं वेगळं. भुकेल्याला घास देण्याने कोणी कोपत नाही, हे मला उशिरा कळलं. पण अंगात मुद्दाम देवी घालायच्या? नाही. मी ह्या घरात असेपर्यंत नाही."

देवी काढणारा पुढच्या गुरुवारी आला. नाक्याजवळच्या एका ओटीवर बसला होता, बाया मुलं घेऊन रांगेत. मी चूल विझवली, मुलीला कडेवर घेतलं आणि सासूबाईंना सांगून निघाले. ह्या वेळी देवळाचं नाव घेतलं नाही. "मी तिच्या देवी काढायला नेते आहे," म्हटलं. त्या पाठ फिरवून बसल्या. मी उंबरठ्यावर घटकाभर थांबले, हाक मारतील म्हणून. मारली नाही.

माझी पाळी आल्यावर मी त्या माणसाला विचारलं, "आमच्या कोंबड्यांना देवी आल्या आहेत. त्यापासून हिला काही होईल का?"

रांगेतल्या बाया हसल्या. तो हसला नाही. उतारवयाचा, चष्म्याला दोरा बांधलेला माणूस होता. म्हणाला, "बाई, मला गाईचं शिकवलंय, माणसाचं शिकवलंय. कोंबडीचं कोणी शिकवलं नाही. ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांनाच विचारलं पाहिजे."

"विचारलं मी. ती नाही म्हणते."

"मग तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं," तो म्हणाला आणि मुलीचा दंड धरला. त्याने सोबत आणलेल्या, आधीच्या गावात देवी काढलेल्या एका मुलाच्या दंडावरच्या आठ दिवसांच्या फोडातून त्याने लस घेतली आणि माझ्या मुलीच्या कातडीवर तीन बारीक चिरा केल्या. ती इतकी किंचाळली की मलाच पळून जावंसं वाटलं.

पाचव्या दिवशी तिचा दंड सुजला, फोड उठला, अंग तापलं. तो ताप येणार हे मला सांगितलेलं होतं, तरी मी दोन दिवस अन्नाला शिवले नाही. ओटीपासून परसापर्यंत आणि परसापासून ओटीपर्यंत तिला खांद्यावर घेऊन चालत राहिले. सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. पण पाण्याचा तांब्या भरलेला असे, मुलीची दुपटी धुतलेली असत, आणि काळीला त्या एकट्याच भरवून येत. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मुलगी हसली. सासूबाईंनी तिला माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाल्या, "जा, जेव."

दिवाळीच्या सुमाराला कोंबड्यांच्या खपल्या गळू लागल्या. खाली गुलाबी कातडी निघत होती. काळीचा डावा डोळा गेला, उजवा वाचला. ती मान वाकडी करून दाणा टिपायला शिकली. आठातल्या सहा जगल्या. आम्ही दोघींनी खुराडं उन्हात पालथं घातलं, जुनी माती उपसून टाकली, फळ्यांना करंजाचं तेल चोपडलं, आत राख पसरली. सासूबाईंनी डहाळी सोडून विहिरीच्या कडेला ठेवली, दहीभाताचा नैवेद्य दाखवला आणि त्या संध्याकाळी आमटीला लसणीची फोडणी घातली. हे घरी आले होते. वासानेच त्यांनी विचारलं, "गेली वाटतं?" सासूबाई म्हणाल्या, "गेली. समाधानाने गेली."

त्या वर्षी आमच्या आळीत माणसांना देवी आल्या नाहीत. सासूबाईंच्या मते घरात नीट पाळलं म्हणून. माझ्या मते हवाच तशी होती. मुलीच्या दंडावरच्या त्या तीन चिरांची परीक्षा झालीच नाही. म्हणून कोणाचं बरोबर हे आमच्यात कधी ठरलं नाही, आणि त्यावरून आम्ही पुढे पंधरा वर्षं अधूनमधून भांडत राहिलो. पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस एका तलंगेच्या तुऱ्यावर फोड दिसला, तेव्हा सासूबाईच मला हाक मारून म्हणाल्या, "अगं, निंबाचं पाणी ठेव चुलीवर, आणि भात मऊ कर."